मातेचे दूध : त्याचे गुण आणि पाजण्याची सुलभ रीत

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ मध्ये, पिलांना अंगावरचे दूध पाजणाऱ्या सर्व प्राण्यांचा एक वर्ग कल्पिला आणि त्यास स्तनावरूनच नाव दिले. मराठीत त्यांस ‘सस्तन प्राणी’ म्हणतात. गाय, देवमासा, वटवाघूळ आणि मनुष्य हे एकमेकांपासून कितीही भिन्न दिसले, तरी या एका बाबतीत सारखे आहेत. मात्र प्रत्येक जातीचे दूध निराळे असते. देवमाशाच्या पिलास थंड पाण्यात तग धरण्यासाठी अंगावर चरबीचा थर लवकर चढवावा लागतो. म्हणून त्याच्या मातेचे दूध अतिशय स्निग्ध असते. वासरू झपाट्याने वाढते. म्हणून गाईच्या दुधात प्रथिने अधिक असतात. मनुष्याचे मूल सावकाश वाढते, पण पहिल्या दोन वर्षांत त्याच्या मेंदूची वाढ फार वेगाने होते. मानवी दुधाची घडण या गरजेस अनुरूप असते.

बाळास लुचण्याची प्रेरणा उपजतच असते. परंतु त्यास नीट धरून स्तनास लावणे ही मातेने शिकण्याची गोष्ट आहे. पूर्वी हे शिक्षण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून आणि सुईणीकडून मिळे. आता बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारतात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत मातेचे दूध मिळालेली मुले केवळ ४१.८ टक्के होती. सहा महिन्यांखालील मुलांपैकी ६३.७ टक्के मुले केवळ मातेच्या दुधावर होती. उरलेल्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांच्या पोटात पाणी, गुटी, वरचे दूध किंवा अन्य काही जात होते.

स्तनपान लवकर सोडण्याची दोन कारणे वारंवार ऐकू येतात : ‘दूध पुरत नाही’ आणि ‘पाजताना दुखते’. या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते, आणि ते समजले तर उपायही समजतो.

दूध कसे उत्पन्न होते

स्तनाच्या आत द्राक्षांच्या घोसाप्रमाणे सूक्ष्म पुटिका असतात. त्यांच्या भिंतींतील पेशी रक्तातून द्रव्ये घेऊन दूध तयार करतात. प्रत्येक पुटिकेभोवती बारीक स्नायुपेशींचे जाळे असते आणि तिच्यापासून निघालेल्या नलिका एकमेकींस मिळत स्तनाग्रापर्यंत जातात.

बाळ लुचू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतू मेंदूस संदेश पोहोचवितात. त्याबरोबर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. पहिले प्रोलॅक्टिन, ते पेशींकडून दूध तयार करविते. दुसरे ऑक्सिटोसिन; ते स्नायुपेशींचे आकुंचन घडवून तयार दूध नलिकांत ढकलते. यालाच घरगुती भाषेत ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. बाळाच्या नुसत्या रडण्याने किंवा आठवणीनेही पान्हा फुटतो, आणि भीती, चिंता किंवा वेदना यांमुळे तो काही काळ अडतो. मातेस धीर व विश्रांती देणे म्हणूनच आवश्यक असते. प्रोलॅक्टिनाचे प्रमाण रात्री अधिक असल्याने रात्रीचे पाजणे दूध टिकविण्यास विशेष उपयोगी पडते.

दूध स्तनात साठून राहिले तर पेशींचे काम मंदावते. ते काढले गेले की काम पुन्हा वाढते. झऱ्याच्या विहिरीचा उपसा होत राहिला म्हणजे पाणी भरत राहते, तसेच हे आहे. बाळास वरचे दूध पाजले की ते कमी लुचते. कमी लुचल्याने दूध कमी होते. आणि मग ‘दूध पुरत नाही’ ही शंका खरी ठरते.

चीक आणि दूध

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर, दाट द्रव म्हणजे चीक. तो थोडा असतो, परंतु नवजात बालकाचे जठरही लहानच असते. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. बाळाच्या पोटातील पहिला काळा मळ बाहेर टाकण्यासही त्याची मदत होते. तो ‘नासका’ समजून पिळून टाकण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती व अद्याप सर्वत्र गेलेली नाही. तिच्यामुळे बाळ आपल्या पहिल्या संरक्षणास मुकते. त्याऐवजी मध, गुळाचे पाणी किंवा गुटी चाटविणे धोक्याचे असते. मधात क्वचित असणारी जंतुबीजे अर्भकाच्या आतड्यात घातक विष निर्माण करू शकतात. म्हणून पहिले एक वर्ष मध देऊ नये.

पुढे येणाऱ्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. त्यामुळे उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंतच्या निरोगी बाळास वेगळे पाणी पाजावे लागत नाही. १०० मिलिलिटर मानवी दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा, ३.५ ते ४ ग्रॅम स्निग्धांश आणि सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या दुधात प्रथिने तिपटीहून अधिक असतात, पण ती अर्भकास पचावयास जड जातात. मानवी दुधातील काही विशिष्ट शर्करा बाळास पचत नाहीत. त्यांवर आतड्यातील उपकारक जंतू पोसले जातात. आईच्या शरीराशी ज्या रोगजंतूंचा संबंध येतो, त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्येही दुधातून बाळास मिळतात.

लाभ

स्तनपान करणाऱ्या बाळांस अतिसार, न्यूमोनिया व कानाचे विकार कमी होतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत असा अंदाज दिला होता की, स्तनपान सर्वत्र योग्य प्रमाणात झाले तर जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ८,२३,००० मुलांचे प्राण वाचू शकतील.

मातेसही लाभ आहेत. ऑक्सिटोसिनामुळे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव कमी होतो. २००२ मध्ये तीस देशांतील अभ्यास एकत्र करून असे दिसून आले की, स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा संभव सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, त्यास दिवसा व रात्री केवळ अंगावरचे दूध मिळत असेल आणि मासिक पाळी पुन्हा आली नसेल, तर या तिन्ही अटी पाळल्या जात असताना गर्भ राहण्याचा संभव सुमारे दोन टक्केच असतो. यांपैकी एकही अट सुटली की अन्य साधनाचा अवलंब करावा.

बाळास स्तनास लावण्याची रीत

जन्मताच बाळास पुसून मातेच्या उघड्या छातीवर ठेवावे व दोघांवर मिळून पांघरूण घालावे. पुष्कळ बाळे अशा वेळी आपणहून स्तनाकडे सरकतात. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असली तरी माता शुद्धीवर येताच, कोणाच्या तरी साह्याने पाजता येते.

पाजावयास बसताना मातेने पाठ भिंतीस किंवा लोडास टेकावी आणि मांडीवर उशी किंवा घडी केलेली गोधडी घ्यावी. बाळास स्तनापर्यंत उचलून आणावे. स्तन बाळाकडे नेण्यासाठी वाकू नये, कारण त्याने पाठ व मान दुखू लागते. बाळाचा कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी, त्याचे पोट मातेच्या पोटास लागलेले असावे आणि नाक स्तनाग्रासमोर यावे. मग स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठास हलकेच लावावे. जांभई दिल्याप्रमाणे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबावे आणि उघडताच, आधी हनुवटी टेकेल अशा रीतीने, त्यास चटकन जवळ घ्यावे.

बाळ नीट लागले आहे हे चार खुणांवरून ओळखावे :

१. तोंड मोठे उघडलेले असते.
२. खालचा ओठ बाहेर वळलेला असतो.
३. हनुवटी स्तनास टेकलेली असते.
४. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग तोंडाच्या वरच्या बाजूस अधिक व खालच्या बाजूस कमी दिसतो.

या रीतीने धरल्यास स्तनाग्र बाळाच्या टाळूच्या मागील मऊ भागापर्यंत जाते. तेथे ते चेपत नाही आणि जिभेच्या हालचालीने दूध सुखाने येते. बाळाने नुसते टोक धरले तर ते कठीण टाळू व जीभ यांमध्ये चुरडले जाते. मातेस वेदना होतात, दूध नीट निघत नाही, बाळ अर्धपोटी राहून रडते आणि साठलेल्या दुधामुळे उत्पत्तीही घटते. दुखणे आणि दूध न पुरणे या दोन तक्रारी अशा एकाच चुकीतून उद्भवतात.

पहिल्या काही दिवसांत आरंभीचे क्षणभर थोडे दुखणे संभवते. वेदना चालूच राहिली तर मातेने ती सोसू नये. बाळास ओढून न काढता स्वच्छ बोट त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालावे, म्हणजे पकड सुटते. मग पुन्हा नीट लावावे. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर भार पडू नये म्हणून बाळाचे पाय मातेच्या बगलेखालून मागे घेऊन किंवा कुशीवर निजून पाजणे सुखाचे असते.

सामान्य दुखणी व त्यांवरील उपाय

छाती दाटणे : तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध वाढून स्तन ताठ व जड होतात. वारंवार पाजणे हा मुख्य उपाय होय. स्तन फार ताठ असल्यास बाळास तो तोंडात धरता येत नाही. अशा वेळी हाताने थोडे दूध काढून तो मऊ करावा. पाजल्यानंतर थंड पाण्याची घडी ठेवल्यास सूज उतरते. जोराने चोळू नये.

चिरा पडणे : येथे मलमापेक्षा बाळाची पकड सुधारणे महत्त्वाचे. पाजून झाल्यावर दुधाचे दोन थेंब स्तनाग्रावर लावून ते वाळू द्यावेत. प्रत्येक वेळी साबणाने धुऊ नये. त्याने त्वचा कोरडी पडते.

स्तनाची दाहयुक्त सूज : स्तनाचा एखादा भाग लाल, गरम व दुखरा होऊन ताप आला तर वैद्यास दाखवावे. पाजणे मात्र थांबवू नये. एकाएकी थांबविल्यास गळू होण्याचा धोका वाढतो.

आत ओढलेले स्तनाग्र : बाळ स्तनाग्राभोवतीचा भागही तोंडात धरीत असल्याने बहुतेक वेळा अडचण येत नाही. आल्यास, कर्नाटकातील दावणगेरे येथील डॉक्टरांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली एक साधी युक्ती उपयोगी पडते. इंजेक्शनच्या पिचकारीचे टोक कापून, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालून, गुळगुळीत बाजू स्तनास लावतात आणि दट्ट्या हलके ओढून स्तनाग्र बाहेर आणतात. ही कृती परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

दूध पुरते की नाही

बाळाचे रडणे हा अपुऱ्या दुधाचा पुरावा नव्हे. ते ऊब, झोप किंवा सोबत यांसाठीही रडते. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारणतः दोन आठवड्यांत भरून निघते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी होणे आणि वजन वाढत राहणे, या दूध पुरत असल्याच्या खुणा होत. आरंभी दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. बाळ सुस्त असेल, लुचत नसेल किंवा लघवी कमी होत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे.

महाराष्ट्रात अळीव व डिंकाचे लाडू, उत्तरेत पंजिरी असे पदार्थ बाळंतिणीस देतात. त्यांनी शक्ती मिळते, आणि तिची गरज असतेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत मातेस दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. परंतु दूध वाढविणारे खरे साधन बाळाचे लुचणेच होय. म्हणून बाळंतिणीस अमुक वर्ज्य, तमुक वर्ज्य असे करून उपाशी ठेवणे अयोग्य आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळास मऊ भात, वरण, खिमट असे अन्न सुरू करावे आणि स्तनपान दोन वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. काही औषधे व थोड्या आजारांत स्तनपानाविषयी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. साधा सर्दीताप हे पाजणे बंद करण्याचे कारण नाही.

समाजाचे कर्तव्य

कामावर जाणाऱ्या मातेस हाताने दूध काढून ठेवता येते. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ते सुमारे चार तास आणि शीतकपाटात चोवीस तास टिकते. ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. तमिळ प्रदेशात यास ‘पालडै’ म्हणतात आणि अनेक रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांस याच भांड्याने दूध देतात. बाटलीचे बूच पूर्ण स्वच्छ ठेवणे कठीण असते आणि त्याची सवय लागलेले बाळ पुष्कळदा स्तन नीट धरीत नाही.

सिसिली विल्यम्स या डॉक्टर स्त्रीने १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात कृत्रिम दुधाच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंबद्दल कठोर शब्दांत इशारा दिला होता. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा दुधाच्या विक्रीसंबंधी आचारसंहिता स्वीकारली. भारतात १९९२ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन विश्रांती दिल्या, आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची करण्यात आली. ज्या बाळांस स्वतःच्या मातेचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

परंतु शेतावर, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या असंख्य मातांपर्यंत पगारी रजा पोहोचत नाही. त्यांस काम थांबवून अर्धा तास बसू देणारा मुकादम, घरचे काम अंगावर घेणारा पती आणि पहिल्या आठवड्यात शेजारी बसून बाळास स्तनास लावून दाखविणारी परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती यांची गरज असते. दूध मातेच्या अंगी असतेच; ते बाळाच्या मुखी सुखाने पडावे यासाठी तिला कोणी तरी वेळेवर हात द्यावा लागतो.