भूमीची चित्रकार

(ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकार एमिलीबाई यांनी सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कॅनव्हासवर पहिले चित्र काढले. त्यांना चित्रे कशी सुचत आणि त्या ती कशी काढत, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या दादीला डोळ्यांसमोर आणा. वय ऐंशीच्या जवळ. नजर मंद झालेली. अशी दादी एके दिवशी हातात कुंचला घेते आणि पुढच्या आठ वर्षांत जगातील मोठ्या चित्रकारांमध्ये गणली जाते. तुमचा विश्वास बसेल का? पण हे खरोखर घडले आहे.

त्यांचे नाव एमिली काम उंगवारे. यातील ‘काम’ म्हणजे तुम्ही-आम्ही रोज करतो ते काम नव्हे. त्यांच्या अन्मात्यर लोकांच्या भाषेत एका वेलीच्या बियांना व फुलांना ‘काम’ म्हणतात. ही वेल आपल्या मूग आणि चवळीच्या कुळातील आहे. तिला जमिनीखाली पेन्सिलीसारखे लांब, बारीक कंद येतात. कंद वाढला की वरच्या मातीला भेगा पडतात. त्या भेगा ओळखून स्त्रिया कंद खणून काढतात. वाळवंटात राहणाऱ्या माणसाला ही खूण माहीत नसेल, तर त्याला उपाशी राहावे लागेल. या वेलीचेच नाव एमिलीबाईंना मिळाले होते. हे नाव लक्षात ठेवा. त्यांच्या चित्रांची किल्ली त्यातच आहे.

एमिलीबाईंचा जन्म सुमारे १९१० साली ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, अल्हलकेर या ठिकाणी झाला. त्या लहान असतानाच गोरे लोक त्या प्रदेशात आले. त्यांनी जमीन ताब्यात घेतली आणि गुरांचे मोठे मळे उभे केले. एका मळ्याचे नाव त्यांनी ‘यूटोपिया’ ठेवले. यूटोपिया म्हणजे जेथे सर्व सुखी आहेत असा देश! पण हजारो वर्षे तेथे राहणारे लोक मात्र आपल्याच भूमीवर मजूर झाले. त्या काळी अशा मळ्यांवर आदिवासींना बहुधा रोख पगार मिळत नसे. पीठ, चहा, साखर असा शिधा मिळे.

तरुणपणी एमिलीबाईंनी उंट हाकण्याचे काम केले. त्या काळी मळ्यावरच्या स्त्रियांना फक्त घरकाम देत असत. त्यामुळे ही गोष्ट विशेष होती. हे उंट मूळचे ऑस्ट्रेलियातील नव्हते. १८६० साली कराचीहून उंट आणि त्यांना सांभाळणारी माणसे जहाजाने मेलबर्नला नेण्यात आली. नंतर आणखी हजारो उंट गेले. उंटवाल्यांपैकी बरेच जण मुसलमान होते. त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे सर्व होते. पण तेथील लोक सर्वांना ‘अफगाण’च म्हणत.

एमिलीबाई कधी चित्रकलेच्या शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांचे शिक्षण झालेच नाही, असे समजू नका. त्या समाजातील स्त्रिया मुलांना गोष्ट सांगताना वाळूवर बोटांनी रेषा काढतात. गोष्टीचा एक भाग संपला की वाळू पुसतात आणि पुढचे चित्र काढतात. शिवाय स्त्रियांचे ‘अवेल्य’ नावाचे विधी असतात. त्या वेळी स्त्रिया खांद्यांवर आणि छातीवर रंगीत मातीने पट्टे ओढतात, आपल्या भूमीची गीते गातात आणि नाचतात. फार प्राचीन काळी पूर्वजांनी डोंगर, पाणवठे, प्राणी आणि वनस्पती निर्माण केल्या व त्यांची राखण आपल्यावर सोपवली, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून कोणत्या पट्ट्याचा अर्थ काय, कोणते गीत कोणत्या जागेचे, हे वडीलधाऱ्या स्त्रिया मुलींना शिकवतात. एमिलीबाई या विद्येत पारंगत होत्या. रंगांचा पुडा हाती येण्याआधी साठ-सत्तर वर्षे त्यांची बोटे रेषा काढत होती.

१९७६ साली त्या प्रांतात आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. यूटोपियाच्या लोकांनी आपल्या भूमीवर हक्क सांगितला. पण त्यांच्याजवळ सातबारा कोठून असणार? १९७९ साली सुनावणी झाली, तेव्हा स्त्रियांनी आपली गीते आणि नृत्ये सादर केली. ही जागा आमची आहे, कारण तिचे गीत आम्हांला येते, असा तो पुरावा होता. त्यांचा दावा मान्य झाला. मुलांनो, त्या रेषा केवळ शोभेच्या नव्हत्या, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

याच सुमारास, १९७७ पासून, यूटोपियातील स्त्रिया बाटिक शिकू लागल्या. बाटिकमध्ये वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढतात आणि मग कापड रंगात बुडवतात. मेण असेल तेथे रंग चढत नाही. शेवटी कापड उकळून मेण काढून टाकावे लागते. एमिलीबाईंनी सुमारे दहा वर्षे हे काम केले. पण पुन्हा पुन्हा कापड उकळणे आणि धुणे या वयात त्यांना झेपेना. नजरही कमी होऊ लागली होती.

१९८८-८९च्या उन्हाळ्यात एका संस्थेने यूटोपियात शंभर कॅनव्हास आणि रंग वाटले. एमिलीबाईंनी ‘एमू स्त्री’ हे चित्र काढले. एमू हा शहामृगासारखा मोठा पक्षी आहे. पुढे सिडनी शहरात त्या सर्व चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा या चित्राकडे जाणकारांचे विशेष लक्ष गेले. मेण नाही, उकळणे नाही. रंग थेट कापडावर! एमिलीबाईंनी बाटिक कायमचे सोडले.

त्या चित्र कसे काढत? कॅनव्हास जमिनीवर अंथरत आणि मांडी घालून त्याच्याजवळ बसत. कॅनव्हास फार मोठा असला तर त्यावरच बसत. आधी पेन्सिलीने आखणी नाही की खाडाखोड नाही. सुरुवातीच्या चित्रांत त्या प्रथम वेलीच्या मुळांसारखे रेषांचे जाळे काढत. मग त्यावर ठिपक्यांवर ठिपके देत. बी मातीत झाकले जावे, तसे ते जाळे ठिपक्यांखाली झाकले जाई. नंतर त्या भरलेला कुंचला कॅनव्हासवर आपटून मोठे, पसरट ठिपके उमटवू लागल्या. पुढे ठिपके गेले आणि नुसते पट्टे आले. हे अंगावर ओढण्याचेच पट्टे होते. लोकांना ठिपके आवडत होते, तेच काढत राहिल्या असत्या तरी पैसा मिळाला असता. पण त्या तेथे थांबल्या नाहीत.

१९९५ साली त्यांनी कंदाच्या वेलीचे एक प्रचंड चित्र काढले. ते सुमारे तीन मीटर उंच आणि आठ मीटर लांब आहे. काळ्या रंगावर केवळ पांढऱ्या रेषा. या रेषा म्हणजे जमिनीखालची मुळे आणि जमिनीवरच्या भेगा. एवढे चित्र त्यांनी दोन दिवसांत पुरे केले. आज ते मेलबर्नच्या संग्रहालयात आहे.

या चित्रात काय आहे, असे कोणी विचारले की त्या सांगत, सगळेच आहे. कंद, गवताचे बी, सरडा, एमू, एमूचे खाणे, सगळे काही. एकच वस्तू वेगळी काढून दाखवणे त्यांना मान्य नव्हते. माती, वेल, पक्षी आणि माणूस ही सर्व मिळून त्यांची भूमी होत होती.

कीर्तीबरोबर त्रासही आला. चित्रांचे व्यापारी एकामागून एक येऊ लागले. आणखी चित्रे हवीत, लवकर हवीत, अशी मागणी होऊ लागली. आठ वर्षांत त्यांनी सुमारे तीन हजार चित्रे काढली असावीत, असा अंदाज आहे. पैसा आला, पण तो नातेवाइकांत वाटला गेला. त्या साधेपणानेच राहिल्या. सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी थोडेच दिवस त्यांनी रुंद कुंचला घेऊन तीन दिवसांत चोवीस चित्रे काढली होती. १९९७ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातर्फे त्यांची चित्रे मांडण्यात आली. १९९४ सालचे त्यांचे एक चित्र २००७ मध्ये दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. ही रक्कम पाहण्यास त्या हयात नव्हत्या. २०२५ साली लंडनच्या मोठ्या कलासंग्रहालयातही त्यांचे प्रदर्शन भरले.

मुलांनो, एमिलीबाई म्हातारपणी चित्रकला शिकल्या, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. रंग आणि कॅनव्हास म्हातारपणी मिळाले. पण जे काढायचे ते त्यांनी लहानपणापासून पाहिले, गायिले आणि जपले होते. ज्यांची भूमी हिरावून घेतली गेली, त्यांनी तिची आठवण हिरावू दिली नाही. तुमच्या घरातील दादी-नानीही असे बरेच काही जाणत असतील. त्यांना कधी विचारले आहे का?

शब्दार्थ

कुंचला – ब्रश
कंद – जमिनीखाली वाढणारा खाण्याजोगा भाग
भेग – तडा
शिधा – स्वयंपाकासाठी दिलेले धान्य वगैरे
पाणवठा – पाणी भरण्याची जागा
सातबारा – जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद
पारंगत असणे – पूर्ण निपुण असणे
हक्क सांगणे – आपला अधिकार आहे असे म्हणणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘काम’ या नावाचा अर्थ काय?
(आ) स्त्रिया जमिनीतला कंद कशावरून ओळखतात?
(इ) एमिलीबाईंनी बाटिक का सोडले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जमिनीच्या सुनावणीत स्त्रियांनी कोणता पुरावा दिला?
(आ) एमिलीबाईंची चित्र काढण्याची पद्धत कशी बदलत गेली?

३. ‘ते अर्धेच खरे आहे’ असे लेखकाने का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.

४. वचन बदला : ठिपका, बी, भेग, मूळ, पट्टा.

५. वाक्यात उपयोग करा : पारंगत असणे, हक्क सांगणे.

उपक्रम : मुगाचे चार दाणे ओल्या मातीत पेरा. आठ दिवसांनी एक रोप हलकेच उपटा. त्याची मुळे नीट पाहा आणि ती बोटाने वाळूवर किंवा मातीवर काढा.