यंत्राची बुद्धी आणि माणसाचा अंदाज

मृग लागला की आपण आभाळाकडे पाहतो. कोणी म्हणतं, "उद्या पाऊस नक्की." कोणी म्हणतं, "पंधरा दिवस नाव नको." पुष्कळदा दोघेही चुकतात. पावसाचा अंदाज चुकतो, तसा यंत्राचाही चुकतो. मोठमोठ्या विद्वानांचाही चुकला आहे. तो कसा, हे या धड्यात पाहू या.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका बाईंनी विचारलं, "गुरुजी, आता फोनच वाचून दाखवतो. मग या वयात आम्ही अक्षरं कशाला गिरवायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेवटी देऊ.

संगणक, म्हणजेच कॉम्प्युटर, हे मुळात हिशेबाचे यंत्र. १९४६ साली अमेरिकेत 'एनिअ‍ॅक' नावाचा संगणक लोकांपुढे आला. त्याचे वजन सुमारे ३० टन. त्यात सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या. १९४९ साली तिथल्या एका मासिकाने लिहिले, की पुढे संगणक कदाचित दीड टनाचाच असेल. आज त्याहून कितीतरी वेगवान यंत्र आपल्या खिशात मावतं! इथे अंदाज फार तोकडा पडला.

आता उलटी चूक पाहा. १९५६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात काही शास्त्रज्ञ जमले. यंत्राला माणसासारखा विचार करायला शिकवायचे, हा त्यांचा बेत. यालाच 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणतात. निवडक दहा जण दोन महिने बसले, तर मोठी मजल मारता येईल, असं त्यांना वाटलं. १९६५ साली हर्बर्ट सायमन या विद्वानाने लिहिले, की माणसाचे कोणतेही काम २० वर्षांत यंत्र करू शकेल. १९८५ साल आलं नि गेलं. तसं काही झालं नाही. गुडघ्याला बाशिंग बांधलं, पण लग्नाचा पत्ता नाही!

२०१६ साली तर दोन्ही चुका एकाच वर्षी दिसल्या. 'गो' हा पटावरचा फार अवघड खेळ. त्यात यंत्र जिंकायला आणखी दहा वर्षे लागतील, असे अनेक जाणकार म्हणत. पण त्या वर्षी मार्च महिन्यात कोरियाचा नामांकित खेळाडू ली सेडोल यंत्राकडून पाचपैकी चार डाव हरला. त्याच वर्षी जेफ्री हिंटन हे शास्त्रज्ञ म्हणाले, की क्ष-किरणांचे फोटो तपासणारे डॉक्टर तयार करणे आता थांबवावे. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र ते काम अधिक चांगले करील. पाच वर्षे उलटून गेली. ते डॉक्टर आजही लागतात. यंत्र त्यांना मदत करतं, इतकंच.

असे का होते? जे माणसाला अवघड, ते यंत्रालाही अवघड, असं आपण धरून चालतो. बुद्धिबळ आपल्याला अवघड. पण त्यात १९९७ साली यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. उलट खुरपताना पीक राखून तण काढणं आपल्याला सोपं वाटतं. यंत्राला ते शिकवताना नाकी नऊ येतात. दुसरे कारण असे: यंत्राने एक काम केले, की सगळी कामं जमतील असं वाटतं. पण डॉक्टर नुसता फोटो पाहत नाही. तो रोग्याशी बोलतो, पुढचा उपाय ठरवतो.

म्हणून "सगळे धंदे बुडणार" असं कोणी म्हणालं, तर घाबरून पोरीची शाळा सोडवू नका. "काही बदलणार नाही" असं कोणी म्हणालं, तर त्यावरही विसंबू नका. कोणतं काम बदलतंय, ते डोळ्यांनी पाहा. जमेल ते शिकून घ्या.

आता बाईंचं उत्तर. फोन वाचून दाखवतो, हे खरं. पण तो ठामपणे बोलतो नि कधी कधी चुकीचंही सांगतो. फवारणीच्या औषधाचं प्रमाण त्याने चुकीचं सांगितलं तर? डब्यावरचा कागद कोण वाचणार? यंत्र चुकलं हे कळायला स्वतःला वाचता आलं पाहिजे. नाहीतर पीक आपलं आणि भरवसा दुसऱ्याचा!

सांगा पाहू:
१. १९४९ सालचा अंदाज कसा चुकला?
२. आपल्याला सोपं पण यंत्राला अवघड, असं तुमच्या घरातलं एक काम सांगा.
३. फोनने सांगितलेली गोष्ट तुम्ही कशी पडताळाल?