आटे जुळवून घे

भाचेबुवा, चाकणला लिनक्सच्या मशिनी सांभाळायला लागलास, पेढे पोचले. आता भोसरीत टेस्ट रिगांवर केस पिकवलेल्या मामाचं थोडं ऐक.

आठ एमएमचा बोल्ट आठ एमएमच्या नटात बसेलच असं नाही. एकाचे आटे सव्वा एमएमचे, दुसऱ्याचे एक एमएमचे असले की दोन फेऱ्यांत अडकतो, आणि पान्याने जोर लावलास तर दोन्ही भंगारात. कर्नल मॉड्यूलचंही तेच. ज्या कर्नलसाठी ते बांधलं, त्याची खूण मॉड्यूलच्या पोटात असते. ती जुळली नाही की ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणत कर्नल त्याला दारातूनच परत पाठवतो. कर्नलवाले आतले आटे कायम ठेवणार नाहीत, हे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच कागदपत्रांत स्पष्ट लिहून ठेवलंय. तेव्हा रुसून उपयोग नाही.

म्हणून पहिला कानमंत्र पॅकेजिंगचा नाहीच, खरेदीचा आहे. कार्ड घेण्याआधी विचार, ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे का? परचेसवाला हजार रुपये वाचवून मोकळा होतो आणि निस्तरत बसतोस तू. गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या कॅन बसचं उदाहरण घे. पूर्वी कार्डागणिक ड्रायव्हर निराळा, त्याच्याशी बोलायची रीत निराळी. मग फोक्सवॅगनच्या संशोधन विभागात सगळ्या कार्डांना एकच रीत देणारं सॉकेटकॅन तयार झालं आणि २००८ साली २.६.२५ कर्नलमध्ये आलं. त्यांचा चाकणचा कारखाना २००९चा. म्हणजे इथे गाड्या निघायच्या आधी त्यांचा कोड येऊन बसला होता! कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलं कार्ड घेतलंस, तर वेगळं पॅकेज बांधायची भानगडच नाही.

तरी एखादं बाहेरचं कार्ड गळ्यात पडतंच. मग सगळे तुला डीकेएमएस सुचवतील. डेलवाल्यांनी काढलेली सोय, नवा कर्नल आला की मशीन स्वतःच मॉड्यूल पुन्हा बांधते. लॅपटॉपवर छान, लाइनवर नको. मी एकदा तिच्यावर विसंबलो. रात्री आपोआप अपडेट झालं, नव्या कर्नलमध्ये एक फंक्शन बदललेलं, मॉड्यूल बांधलंच गेलं नाही आणि मशीन मुकाट रीबूट झाली. सकाळी पहिली शिफ्ट हाताची घडी घालून उभी. आपोआप अपडेट मीच चालू ठेवलं होतं, दोष कुणाला देऊ?

तेव्हापासून एकच रीत. कंपायलर फक्त एका मशीनवर. तिथे बांध, तिथेच सही कर, सहीची किल्ली लाइनवर कधी नेऊ नकोस. पॅकेजच्या नावात कर्नलचा पूर्ण नंबर घाल, म्हणजे जुनं-नवं शेजारी शेजारी नांदतं. डेबियनमध्ये ६.१.०-१८ आणि ६.१.०-२१ ही दोन वेगळी घरं, एकाचं मॉड्यूल दुसऱ्यात घुसवू नकोस. वर एक मेटापॅकेज ठेव, कर्नल आणि मॉड्यूल दोन्ही मागणारं. मॉड्यूल तयार नसेल तर मेटापॅकेजच्या नावावर नवा कर्नल उतरणारच नाही. नाहीतर मॉड्यूल म्हणजे वरातीमागून घोडं.

खरी कटकट माणसांची. कर्नल एकजण बघतो, कार्डाचं मॉड्यूल दुसरा, आणि दोघांना वाटतं समोरच्याने तपासलंय. वहीत लिही: कोणतं मॉड्यूल, कुणाकडे, कोणत्या कर्नलवर चाचणी झाली. एकाची जरी रेघ रिकामी असेल तर नवा कर्नल कंपनीच्या रेपोत जाऊ द्यायचा नाही, मग मॅनेजर कितीही फोन करो.

सिक्युअर बूट असेल तर किल्लीची नोंद मशीन बसवतानाच करून टाक. रीबूटनंतर निळा पडदा येतो, त्याच्यासमोर कुणीतरी कीबोर्ड घेऊन उभं लागतं. ते काम पुण्यात बसून होत नाही.

अपडेट गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी. पण गुरुवारीच महावितरणही दुरुस्तीला वीज काढतं, म्हणून आधी विचारून घे आणि यूपीएस बघ.

जुना कर्नल काढू नकोस. पॅनलच्या दारावर मराठीत चिठ्ठी चिकटव: ‘कार्ड दिसत नसेल तर रीस्टार्ट करा, मेन्यूत आधीचा कर्नल निवडा.’ तू तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असशील, तोवर ऑपरेटर लाइन चालू करेल.