नैसर्गिक वायूचे अचूक मोजमाप : दाबफरक मापकाची उभारणी

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर भर समुद्रात १९७४ मध्ये तेल व वायूचा साठा सापडला आणि १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’ येथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. समुद्रतळावरील नळांतून हा वायू उरण येथे आणण्यात आला. उरणच्या वीज केंद्रास आणि अलिबागजवळील थळच्या खत कारखान्यास त्याचा आधार मिळाला. पुढे मुंबईतील घरांच्या स्वयंपाकघरांपर्यंत नळाने वायू पोहोचला. वायू एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या प्रत्येक ठिकाणी तो मोजावा लागतो.

हे मोजमाप किती महत्त्वाचे आहे, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. एखाद्या कारखान्यास दररोज १० लाख घनमीटर वायू लागतो असे समजू. मापकात केवळ १ टक्का चूक असली, तरी दिवसाला १०,००० आणि वर्षाला ३६ लाख ५० हजार घनमीटर वायूचा हिशेब चुकतो. हा तोटा विकणाऱ्यास किंवा घेणाऱ्यास सोसावा लागतो आणि अखेरीस विजेच्या व खताच्या खर्चात उतरतो. म्हणून मापकाची उभारणी हे केवळ जोडाऱ्याचे काम नसून सार्वजनिक हिशेबाचे काम आहे.

मापनाचे तत्त्व

वाहत्या प्रवाहाची वाट अरुंद केली की तेथे त्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. हा नियम डॅनिएल बर्नोली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून पुढे आला. वायूच्या नळात मध्यभागी गोल छिद्र असलेली धातूची पातळ चकती, म्हणजेच ऑरिफिस प्लेट, बसवितात. तिच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक मोजला की प्रवाहाचे परिमाण काढता येते.

मात्र प्रवाह हा दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, हे विसरून चालणार नाही. प्रवाह निम्मा झाला तर दाबफरक एकचतुर्थांश होतो. प्रवाह एकतृतीयांश झाला तर दाबफरक एकनवमांशच उरतो. उपकरणाची चूक पूर्ण पट्टीच्या १ टक्का असेल, तर पूर्ण प्रवाहाच्या वेळी मोजमाप अर्धा टक्का चुकते. पण प्रवाह एकतृतीयांशावर आला की तीच चूक सुमारे साडेचार टक्के होते. यासाठी छिद्राचा आकार नेहमीच्या प्रवाहास अनुसरून निवडावा. वापरात मोठा चढउतार असेल तर चकती बदलण्याची किंवा दुसऱ्या समांतर मापकाची सोय ठेवावी.

चकती आणि सरळ नळ

चकतीच्या छिद्राची प्रवाहासमोरील कडा धारदार असली पाहिजे आणि उतार दिलेली बाजू प्रवाहाच्या पुढील दिशेस राहिली पाहिजे. चकती उलटी बसली तर मापक प्रत्यक्षापेक्षा १० टक्क्यांहूनही अधिक कमी प्रवाह दाखवू शकतो. कडा बोथट झाली किंवा चकतीच्या पुढील तोंडावर तेलकट मळ साचला, तरीही नोंद कमीच होते. यात तोटा विकणाऱ्याचा होतो, आणि घेणाऱ्याकडून तक्रार येत नसल्यामुळे तो महिनोन्महिने उघडकीस येत नाही.

वळणातून किंवा अर्धवट उघड्या झडपेतून आलेला वायू भोवरे घेत येतो. तो स्थिर होण्यासाठी चकतीपूर्वी पुरेसा सरळ नळ हवा. छिद्राचा व्यास नळाच्या व्यासाच्या ०.६ पट असेल आणि अलीकडे काटकोनातील एकच वळण असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार अलीकडे नळाच्या व्यासाच्या ४२ पट व पलीकडे ७ पट सरळ लांबी लागते. जागा अपुरी असल्यास प्रवाह सरळ करणारे साधन बसवावे. तापमापकाची नळी चकतीच्या पलीकडे ठेवावी, म्हणजे तिचा अडथळा मोजमापात येत नाही.

दाब वाहून नेणाऱ्या नळ्या

आडव्या वायुनळावर दाब घेण्याची छिद्रे वरच्या बाजूस ठेवावीत आणि उपकरण नळापेक्षा उंचावर बसवावे. जोडनळ्यांना मुख्य नळाकडे सलग उतार द्यावा, म्हणजे त्यांत जमलेले पाणी आपोआप परत जाईल. एखाद्या खळग्यात द्रव साचला की दोन्ही बाजूंचा दाब सारखा पोहोचत नाही. अधिक दाबाच्या नळीत गळती असल्यास नोंद कमी होते, तर कमी दाबाच्या नळीत असल्यास ती वाढते.

चालू करताना प्रथम समतोल झडप उघडी ठेवावी, मग दोन्ही बाजूंच्या झडपा सावकाश उघडाव्यात आणि शेवटी समतोल झडप घट्ट बंद करावी. ती किंचितही गळत राहिली तर दाबफरक कमी दिसतो. उपकरणाचे शून्य प्रत्यक्ष कामाच्या दाबाखाली, दोन्ही बाजूंस समान दाब ठेवून तपासावे.

दाब, तापमान व घटक

वायू दाबाने आकसतो व उष्णतेने प्रसरण पावतो. म्हणून भारतात त्याचे घनमीटर १५ अंश सेल्सियस तापमान व १.०१३२५ बार दाब या प्रमाण स्थितीत धरतात. गणितात वातावरणाचा दाब मिळवून निरपेक्ष दाब घ्यावा लागतो. मापकावरील १० बार हा आकडा तसाच वापरला, तर नोंद सुमारे पावणेपाच टक्क्यांनी कमी येते. वायूच्या घटकांनुसार त्याची घनता बदलते, म्हणून तिची तपासणीही नियमितपणे व्हावी.

पूर्वी गोल कागदी तक्त्यांवर लेखणीने नोंद होत असे. आता हे गणित इलेक्ट्रॉनिक संगणक क्षणोक्षणी करतो. तथापि उलटी बसलेली चकती किंवा पाणी भरलेली नळी संगणकाला दिसत नाही. ती पाहण्यासाठी जाणकार माणूसच हवा. चकती व नळ्यांची ठराविक मुदतीने पाहणी करावी, शून्याची व उपकरणांची तपासणी दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी आणि प्रत्येक तपासणीची लेखी नोंद राहावी. भूगर्भातील हा ठेवा एकदाच वापरता येतो; त्याचा हिशेब चोख ठेवणे हे त्याच्या काटकसरीचे पहिले पाऊल होय.