दोन यंत्रांचा संवाद

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला, की बीड जिल्ह्यातील आडत दुकानांना उसंत मिळत नाही. गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई यांसारख्या गावांच्या बाजार-आवारांत पोत्यांच्या थप्प्या लागतात. अशा एखाद्या दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मागच्या बाजूस काटा आहे. त्याजवळच्या जुन्या संगणकावर मापाडी प्रत्येक पोत्याचे वजन नोंदवितो. पुढे गादीवर दिवाणजींचा दुसरा संगणक आहे. त्यावर शेतकऱ्याची पट्टी तयार होते. दोहोंमधील अंतर अवघे वीस पावलांचे. परंतु तेवढ्यातच हिशेब चुकण्याची भीती असते. हमालांच्या गलबल्यात मापाडी 'एकोणसत्तर' असे ओरडतो आणि दिवाणजींना 'एकोणसाठ' ऐकू येते. दहा किलो मालाचे दाम शेतकऱ्याच्या हातून जातात!

ही भीती दूर करण्यासाठी नवी यंत्रे आणण्याची गरज नाही. जुन्या दोन यंत्रांनाच परस्परांशी बोलावयास लावता येते. त्यासाठी तार, पत्ता आणि परवानगी या तीन गोष्टी लागतात.

प्रथम तार. संगणकांच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. त्या दोन दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. या पिळामुळे बाहेरील विजेचा उपद्रव कमी होतो. जुन्या पद्धतीच्या जोडणीत त्यांपैकी चारच तारा कामास येतात. पहिली व दुसरी बोलण्यासाठी, तिसरी व सहावी ऐकण्यासाठी. साधी केबल दोन जुन्या संगणकांना थेट जोडली, तर एकाचे मुख दुसऱ्याच्या मुखाशी येते. दोघेही बोलतात, ऐकत मात्र कोणीच नाही. म्हणून केबलच्या एका टोकाला या दोन जोड्यांची अदलाबदल करतात. मग एकाचे मुख दुसऱ्याच्या कानाशी येते. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

दुसरी गोष्ट पत्ता. एका संगणकास १९२.१६८.१.१ व दुसऱ्यास १९२.१६८.१.२ असा क्रमांक देतात. या जोडणीत पहिले तीन भाग म्हणजे गल्लीचे नाव, शेवटचा भाग म्हणजे घराचा क्रमांक. दोन्ही घरांना एकच क्रमांक दिला, तर पत्र कोणाचे हे कळणार नाही.

तिसरी गोष्ट परवानगी. काट्याजवळच्या संगणकातील वजनांची नोंद दिवाणजींना वाचता यावी, पण बदलता येऊ नये, अशी व्यवस्था करतात. वजन एकदाच लिहिले जाते. दिवाणजी तेच वाचून पट्टी करतात. ओरडणे नको आणि चिठ्ठीही नको.

अशा जोडणीचा उगम १९७३ सालचा आहे. त्या वर्षी अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी 'ईथरनेट' या पद्धतीवर काम सुरू केले. तेथे अनेक संगणक एकाच तारेवर जोडलेले असत. त्यांना एक नियम घालून दिला होता. बोलण्यापूर्वी दुसरा कोणी बोलत नाही ना, हे ऐकावे. दोघे एकदम बोललेच, तर दोघांनीही थांबावे आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलावे. माणसांच्या सभेलाही हा नियम शोभेल!

तथापि, तार ही निर्जीव वस्तू आहे. तिच्या एका टोकास जो आकडा लिहिला जाईल, तोच दुसऱ्या टोकास पोहोचेल. काट्यावरच खोटे वजन नोंदले, तर खोटेच पोहोचेल. म्हणून यंत्रांचा संवाद कितीही निर्दोष असला, तरी आकडा लिहिणारा हात सच्चा असावाच लागतो.

शब्दार्थ : गलबला – गोंगाट. पट्टी – विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद. उपद्रव – त्रास.

अभ्यास
१. साध्या केबलने जुने संगणक एकमेकांशी का बोलू शकत नाहीत?
२. दिवाणजींना नोंद बदलण्याची परवानगी का नसावी?
३. 'आकडा लिहिणारा हात सच्चा असावाच लागतो', हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.