कॅरम आहे, भजन आहे, तरी मावशी खोलीतच का?

प्रश्न : माझी मावशी वृद्धाश्रमात राहते. तिथे कॅरम, भजन, टीव्ही, सणवार सगळं आहे. तरी ती आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणी खाटेवर बसून असतात. वय झालं की आवडीनिवडीच संपतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : संपत नाहीत. बहुतेकदा त्या कुणी विचारलेल्याच नसतात. आधी साध्या अडचणी बघा : ऐकू कमी येतं, खाली बसता येत नाही, मध्येच लघवीला उठावं लागेल याची धास्ती वाटते. एवढ्यावरून कितीतरी जणी भजनाला जायचं टाळतात आणि 'त्या कुणात मिसळत नाहीत' असा शिक्का बसतो.

खरी गोम मात्र पुढे आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये (तिथे हा शब्द वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहासाठी वापरतात) केलेला प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं : कुंडीतलं रोप हवं असेल तर आवडेल ते निवडा, पाणी तुम्हीच घाला, सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, सिनेमाही दाखवला, पण रोपाला पाणी परिचारिका घालणार होत्या आणि सिनेमाचा दिवस संस्था ठरवणार होती. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि हिंडती-फिरती दिसली. सोयी दोन्हीकडे सारख्याच होत्या, फरक फक्त मर्जी कुणाची चालते यात होता. मृत्यूदराबाबत पुढे या प्रयोगाच्या नावाने जे आकडे सांगितले जातात ते वादग्रस्त आहेत, त्यांवर विसंबू नका.

मर्जीइतकंच महत्त्वाचं असतं सांभाळायला काहीतरी असणं. अमेरिकी डॉक्टर बिल थॉमस यांनी 1991 साली न्यूयॉर्क राज्यातल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये कुत्री, मांजरं आणि तब्बल शंभर पोपट आणले. पिंजरे यायच्या आधीच पक्षी येऊन थडकले आणि एकच धांदल उडाली! मग खोल्याखोल्यांतून पक्षी पोसले जाऊ लागले, त्यांना नावं मिळाली. चालायला नकार देणारे आजोबा कुत्र्याला फिरवून आणायला तयार झाले. ही हकीकत डॉ. अतुल गावंडे यांच्या 'बीइंग मॉर्टल' (2014) या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे गावंडे यांचे आजोबाही भेटतात. शंभरी गाठली तरी घोड्यावर बसून शेताची फेरी मारणारे. मला या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात : माणसाकडे करायला काहीतरी आपलं होतं.

हे 'आपलं' काय, ते विचारल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत नर्सिंग होमला प्रत्येक वृद्धाची आवड विचारून नोंदवावी लागते. 2010 पासून वापरात असलेल्या नमुन्यात संगीत, बातम्या, प्राणी, मोकळी हवा, धार्मिक कार्यक्रम तुम्हाला कितपत महत्त्वाचे, असे प्रश्न आहेत. कपडे स्वतः निवडणं, झोपायची वेळ स्वतः ठरवणं हेही त्यात आहे. उत्तरांमधला एक पर्याय मला फार मोलाचा वाटतो : 'महत्त्वाचं आहे, पण करता येत नाही किंवा निवडीची मुभा नाही.' आपल्याकडच्या आश्रमांनी एवढा एक पर्याय उचलला तरी पुष्कळ काही कळेल.

तुम्ही पुढच्या भेटीत मावशींना 'करमतं का?' असं विचारू नका. त्याला 'हो, चाललंय' एवढंच उत्तर मिळतं. पूर्वी दुपारी काय करायच्या, कोणतं काम अजून हातात घ्यावंसं वाटतं, तिथे कोणती गोष्ट त्यांच्या मनाप्रमाणे होत नाही, असं विचारा. मग संचालकांशी बोलून एखादं काम त्यांच्याकडे सोपवता येतं का ते पाहा : भाजी निवडणं, देवघराची फुलं, शेजारणीला पेपर वाचून दाखवणं. 'नको' म्हणाल्या तर तेही मान्य करा. एकटं बसायला आवडणारी माणसं असतातच. आणि विसराळूपणामुळे त्यांना सांगता येत नसेल, तर त्यांच्या आवडी तुम्हीच एका कागदावर लिहून आश्रमात द्या.