स्वस्तातला दुसरा माल काढावा का?

प्रश्न : आम्ही चौघी जणी घरगुती उडदाचे पापड करतो. एकदा पापड नेलेली गिऱ्हाइकं पुन्हा येतात. पण दुकानदार म्हणतात, "जरा हलका माल काढा, भाव उतरवा, खप दुप्पट होईल." धंदा वाढवायचा तर दोन प्रती ठेवाव्यात का? लिज्जत पापडच्या बायकांनी अशा वेळी काय केलं असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लिज्जतच्या बायकांनी हीच वाट धरून पाहिली होती आणि ती लवकर सोडली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आरंभी त्या दोन प्रकारचे पापड करत, त्यातला एक हलका आणि स्वस्त. ज्यांच्याकडून पैसे घेतले होते ते छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सांगितलं की पापड एकाच, उत्तम प्रतीचा करा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. एवढ्याशा धंद्यात स्वस्त माल सोडून द्यायला धाडस लागतं, आणि माझ्या मते पुढची सगळी वाढ त्या निर्णयावर उभी आहे.

दुकानदाराचा सल्ला खोटा नाही, पण तो त्याच्या सोयीचा आहे. पापड वातड निघाला तर तो दुसऱ्याचं पाकीट पुढे करील. खाणारा मात्र तुमचं नाव लक्षात ठेवतो. शेजारणीकडे हलका पापड खाल्लेली बाई 'ही कुठली प्रत?' असं विचारत बसत नाही. ते नाव पुन्हा घेत नाही, एवढंच.

एक प्रत ठरवली की कामाची पद्धतही आपोआप ठरते. लिज्जतमध्ये पीठ केंद्रावर मळतात आणि लाटायला घरी देतात. हजारो हातांनी लाटूनही चव बदलत नाही, ती यामुळे. तुमच्यापैकी प्रत्येकीनं आपापल्या घरी पीठ मळणं आजच थांबवा. तिखट-मीठ-हिंग एकाच ठिकाणी, तोलून पडू दे.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद राहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. वरण-भातासोबत पापड हवासा वाटतो तो पावसातच, आणि नेमका तेव्हाच तो दुकानात नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळणारच. तुमचा माल श्रावणात मिळतो का?

पुढे लिज्जतनं खाखरे, मसाले, कपडे धुण्याची पावडरही काढली. म्हणजे नवं काही करूच नये असं नाही. मात्र पापडाची हलकी प्रत पुन्हा काढली नाही.

भाव परवडत नाही ही अडचण असलेली गिऱ्हाइकं खरोखर असतील, तर त्यांच्यासाठी त्याच पापडाचं लहान पाकीट करा. ते दुकानात महिनाभर ठेवून पाहा, आणि कोण नेतं, पुन्हा येतं का, हे दुकानदाराला न विचारता स्वतः गल्ल्याजवळ उभं राहून बघा.